तिबिलिसीहून आलेला रिकामा डबा

माझ्या आत्याइतकी भांडखोर बाई जगात दुसरी नाही. 'जगात' हा शब्द मी उगाच तोंडाला आला म्हणून वापरलेला नाही. आत्या इस्तंबूलमध्ये भांडली आहे, हनोईत भांडली आहे, कोलंबोच्या समुद्रकाठी शहाळेवाल्याशी भांडली आहे; आणि जॉर्जिया देशाची राजधानी असलेलं तिबिलिसी, ज्याचं नाव तिच्याआधी आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी घेतलं नव्हतं, तिथं तर ती अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायला विमानानं परत गेली. एकटी. पर्समध्ये पासपोर्ट, पिशवीत कांदा-लसूण चटणीचे डबे आणि डोक्यात राग, एवढंच सामान घेऊन. दुसऱ्यांच्या आत्या परदेशातून चॉकलेटं आणतात. आमची आत्या तिथून मला फोन लावते आणि म्हणते, "ह्याला जरा इंग्लिशमदी सांग, तुला अक्कल न्हाय म्हनून."

हे सांगायचं काम माझ्याकडे येतं, कारण मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, खरेदी बघतो, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी मला येतं, आणि आत्याला भाच्याशिवाय हक्काचं कुणी नाही. लग्न तिनं केलं नाही; ती राजारामपुरीच्याच दुसऱ्या टोकाला एकटी राहते. बघायला आलेल्या पाहुण्यांनी "स्वयंपाक येतो का?" असं विचारलं, तेव्हा तिनं मुलाकडं बघून "तुला येतो का?" असा उलट प्रश्न टाकला. तो नाही म्हणाला. "मग माझ्या जिवावर जेवाय बसनार व्हय?" असं म्हणून ती आत निघून गेली आणि पोह्यांची ताटली तिनं स्वतःच संपवली. पुढं ती एसटीत कंडक्टर झाली. बहुतेक नोकरी गारगोटीच्या गाडीवर गेली. त्या रस्त्यावरची दोन पिढ्यांतली माणसं तिच्या ओरडण्यानं पुढं सरकलेली आहेत. निवृत्त झाली त्या दिवशी आमच्या घरी येऊन म्हणाली, "एवढी वर्सं त्या रस्त्यानं गेलो आन् आलो, पन खिडकीत बसून कदी बगितला न्हाय बग. सारखी मान्सांकडं त्वांड आन् रस्त्याकडं पाट." आमच्याकडच्या बायका बोलताना स्वतःला गेलो, आलो असंच म्हणतात, त्यामुळे ते कुणाला खटकत नाही. खटकलं ते पुढचं वाक्य. "आता मी खिडकीत बसनार हाय," ती म्हणाली, "आन् लांब जानार हाय."

पहिल्यांदा ती एका सहल कंपनीबरोबर गेली. एकदाच. त्या सहलीबद्दल आजही कुणी विचारू नये. झेंडा धरून पुढं चालणारा एक पोरगा, त्याच्या मागून कळपासारखी चाळीसएक मराठी माणसं, सकाळी उठल्यावर परदेशात कांदेपोहे आणि संध्याकाळी त्याच माणसांबरोबर गाण्याच्या भेंड्या! "मी तिकडची मान्सं बगाय गेलतो, का सांगलीची?" ती परत आल्यावर आठवडाभर ओरडत होती. एका देवळासमोर एक म्हातारी तिला हातवारे करून काहीतरी सांगत होती, तर झेंडेवाल्यानं "मावशी, टाइम नाही" म्हणून तिला ओढून बसमध्ये बसवलं. ती म्हातारी काय सांगत होती हे आपल्याला आता मरेपर्यंत कळणार नाही, याचा राग तिला अजून आहे. आणि खरं सांगतो, मलाही आहे. पैसे भरून माणूस एवढ्या लांब जातो ते काय बसमध्ये वेळेवर चढायला?

तेव्हापासून आत्या एकटी जाते आणि हॉटेलात उतरत नाही. कुणाच्या तरी घरातली खोली भाड्यानं घेते आणि पहिल्याच सकाळी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरून तिचं काय चुकतंय ते सांगते. मराठीत. आत्याला दुसरी भाषा येत नाही आणि त्यानं आपलं काही अडतं असं तिला आजवर वाटलेलं नाही. इस्तंबूलच्या ट्राममध्ये दाराशी गर्दी झालेली आणि आत जागा मोकळी, हे बघून तिचं डोकं फिरलं. "म्होरं सरका की पावनं! आत काय साप हाय व्हय?" अशी आरोळी तिनं ठोकली आणि सगळी ट्राम मुकाट्यानं पुढं सरकली. ट्रामचा ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर उतरून तिच्या पाया पडला, असं ती सांगते. मी त्यातला पाया पडण्याचा भाग सोडून देतो, पण त्या ड्रायव्हरच्या घरच्या जेवणाचे फोटो माझ्या फोनवर आहेत. त्याची आई आणि आत्या मधे भाताचा डोंगर ठेवून बसल्या आहेत आणि दोघींच्या कपाळाला आठ्या आहेत.

हनोईत ती रस्त्याकडेच्या एका खानावळीतल्या वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली, ती उठेचना. उठता येईना म्हणून तिनं खानावळवालीला फैलावर घेतलं. "ही काय बसाय जागा हाय? अंगनवाडी काढलीयास काय?" खानावळवालीही तिच्या भाषेत तेवढीच कडाडली. शेवटी त्याच बाईनं काखेत हात घालून हिला उपसून काढलं. दुपारी आत्या तिच्या मागच्या खोलीत बसून लसूण सोलत होती. मी फोनवर चिडून विचारलं, "आत्या, तू लोकांशी नीट बोलत का नाहीस? मारायला येईल कुणीतरी." त्यावर ती म्हणाली, "ग्वाड बोलून जानारी हजार येत्यात रं. त्यास्नी कोन ध्यानात ठिवतंय? भांडून गेलेली बाई कदी न्हाय इसरत."

भांडण ही तिची ओळख काढायची पद्धत, आणि डबा ही ओळख टिकवायची. आमच्या गल्लीत शेजारून काही आलं तर तो डबा कुणी रिकामा परत करत नाही. घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर टाकून देतात. आत्यानं ही गल्लीतली रीत जगभर लागू केली आहे. स्टीलचे छोटे डबे घ्यायचे, भांड्यांच्या दुकानात त्यांवर आपलं नाव आणि खाली 'राजारामपुरी, कोल्हापूर' असं घालून आणायचं, त्यात उन्हाळ्यात गिरणीतल्या डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी ठासून भरायची, आणि परगावी ज्या घरात जेवण झालं तिथं एक डबा ठेवून यायचं. फोन नंबर ती कुणाचा घेत नाही, देतही नाही. "नंबर बदलत्यात. डब्यावर नाव-गाव हाय की," असं तिचं म्हणणं. आता हनोईच्या बाईनं तो डबा भरून राजारामपुरीत कसा पोचवायचा, हा प्रश्न मी विचारला की तिला माझ्या अकलेची कीव येते. "ती न्हाय आली तर मी जातो की आनाय. कुनीतरी जायाचं, कुनीतरी यायाचं. त्यासाटीच तर डबा असतोय, मुडद्या."

तिबिलिसीची बाई तिला मंडईत भेटली. तिकडं लाल मिरची, लसूण, मीठ आणि कसल्या कसल्या पाल्याचं बी कुटून एक ओलसर चटणी करतात, तिला अजिका म्हणतात. ही बाई ती विकायला बसली होती. काळे कपडे, डोक्याला रुमाल, वय आत्याएवढंच. आत्यानं बोटावर घेऊन चाटली आणि जाहीर केलं, "मीठ कमी हाय." कसं कोण जाणे, पण ते त्या बाईला कळलं. ती उठून उभी राहिली आणि तिनं आत्याला मंडईभर ऐकू जाईल असं सुनावलं. आत्यानं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्यापुढं आदळला. बाईनं चमचाभर चटणी तोंडात टाकली. तिचे डोळे भरले, नाक लाल झालं, शेजारच्या बाकड्यावरून कुणीतरी पाणी आणून दिलं. ते ढकलून देऊन तिनं आणखी एक चमचा खाल्ला आणि मग आत्याच्या दंडाला धरून तिला घरी घेऊन गेली. पुढचे सगळे दिवस आत्या तिच्याच घरी जेवली. रोज भांडण व्हायचं आणि रोज जास्तीचं वाढलं जायचं. निघताना डबा तिथं ठेवला. परत आल्यावर आत्या सारखी तिच्याबद्दलच बोलायची. "लई खवाट बाई हाय," असं म्हणायची. खवाट म्हणजे तिखट, खमकी; आणि आत्यानं एखाद्या माणसाचं याहून जास्त कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि गेल्या वर्षी तो डबा परत आला. जयसिंगपूरची एक मुलगी तिकडं डॉक्टरकी शिकते, तिला त्या बाईच्या सुनेनं शोधून काढून तो दिला होता. मुलगी सुट्टीला आली तेव्हा डबा घेऊन मुद्दाम कोल्हापूरला आली. आत्या इतकी खूश झाली की तिनं त्या मुलीला दोन वेळा चहा दिला. मग झाकण उघडलं. आत काही नव्हतं. घासून पुसून लख्ख केलेला रिकामा डबा. आत्यानं तो उलटा केला, आपटला, नाकाला लावला. मग त्या मुलीकडं वळली. "वाटंत खाल्लंस व्हय गं?" बिचारी रडकुंडीला आली, देवाशपथ म्हणाली, आपण झाकणही उघडलं नाही म्हणाली. ती निघून गेल्यावर आत्या जी पेटली ती महिनोन् महिने विझली नाही. रिकामा डबा म्हणजे आमच्याकडं संबंध तोडणं. आता तुझं काही नको आणि माझंही तुला नको. "मी काय केलतं तिचं? मीठ कमी हाय म्हनालतो, तर ते खरंच कमी हुतं की!" असं ती भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, माझ्या बायकोशी बोलता बोलता मधेच म्हणायची. राग असा की जेवण कमी झालं. मी म्हटलं, त्या मुलीकडून सुनेचा नंबर मिळवतो, फोनवर विचार. "भांडान फोनवर करत न्हाईत," ती म्हणाली. "समोर हुबा ऱ्हाऊन करत्यात. तिकीट काढ."

मी भडकलो. पायऱ्या चढताना धाप लागायला लागली होती तिला. एका रिकाम्या डब्यासाठी कुणी सातासमुद्रापार जातं का, असं मी तिला विचारलं आणि तिच्याकडून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. पण मग आमचे एक लांबचे काका आले आणि पाय पसरून म्हणाले, "या वयात बाईमाणसानं एकट्यानं देशोदेशी हिंडायचं म्हणजे अतीच झालं. घरातल्यांनी आवरायला पाहिजे." तिच्या नोकरीच्या काळात हेच काका गारगोटीच्या गाडीत फुकट बसायचा प्रयत्न करायचे. घरातल्यांनी आवरायला पाहिजे! चाळीस वर्षं बाई स्वतःच्या पायावर उभी, तिला आवरणारे हे कोण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांचा चहा व्हायच्या आत मी तिकीट काढलं.

त्यानंतर एका दुपारी मी फाउंड्रीत असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. भंगाराची गाडी वजनाला उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, भट्टीचा आवाज चालू होता. फोनवर एक तरुण बाई दिसली. ही सून, हॉटेलात नोकरी करणारी, इंग्रजी बोलणारी. तिच्या मागं आत्या कमरेवर हात ठेवून उभी. तिच्यासमोर खुर्चीत ती तिबिलिसीची बाई बसलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव ठेवलेला. सुनेनं मला सांगितलं की हिवाळ्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तो हात गेला. मंडईतली जागा सोडली. आणि बरं वाटायला लागल्यावर त्यांनी घरात दुसऱ्या कुणाकुणाची जी भांडी होती, ती सगळी एकेक करून परत पाठवायला लावली. मी ते मराठीत आत्याला सांगितलं. आत्याचा चेहरा हलला नाही. "ते कळलं," ती म्हणाली. "इचार तिला, रिकामा का?"

मी इंग्रजीत विचारलं, सुनेनं त्यांच्या भाषेत विचारलं, आणि ती बाई उसळली. बराच वेळ ओरडत राहिली, डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत. सुनेनं त्याचं इंग्रजीत एवढंच केलं, "त्या म्हणतात, मग त्यात काय भरायचं होतं? दुकानातली विकतची?"

मी ते मराठीत सांगितलं. आत्याचे कमरेवरचे हात खाली आले. भंगारवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला आणि मी त्याला अशी शिवी घातली की तो खाली उतरून माझ्यामागं येऊन उभा राहिला आणि फोनमध्ये बघायला लागला.

मग आत्याचा आवाज फुटला. "आन् मग सांगायचं न्हाय मला? हात गेला तर गेला, त्वांड हुतं का न्हाय? तिकडं मी चार म्हयने तुला शिव्या देतोय आन् तू हितं अशी बसलीयास व्हय?" हे मी कसं भाषांतर करणार? पण त्याची गरज पडली नाही. ती बाईही सुरू झाली. दोघी एकाच वेळी दोन भाषांत ओरडत होत्या, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सुनेनं फोन फळीवर टेकवून ठेवला आणि ती बाजूला झाली. आत्यानं पदर खोचला, कोपऱ्यातलं दगडी उखळ ओढलं आणि कुटायला बसली. ती बाई खुर्चीतून वाकून डाव्या हातानं मिरच्या टाकत होती, लसूण टाकत होती, आणि आत्याचं काही चुकलं की तिच्या मनगटावर चापट मारत होती. आत्या प्रत्येक चापटीला "मार, मार मला!" म्हणत होती आणि कुटत होती. मी फोन बंद करायला विसरलो. भंगारवाला म्हणाला, "सायब, तुमच्या कोन ह्या?" मी आत्या म्हणालो. "दुसरी बी आत्याच व्हय?" असं त्यानं विचारलं, आणि मी नाही म्हणालो नाही.

डबा भरून आला. आत्यानं आम्हाला प्रत्येकाला भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभर अजिका दिली, चमचा आपल्याच हातात ठेवून. "मीठ बराबर हाय," ती म्हणाली, आणि तो विषय संपला.

हे सगळं मी आज सांगत बसलोय त्याला कारण परवाचा दिवस. परवा आत्याच्या ओळखीचा रिक्षावाला आमच्या दारात एक पोतं ठेवून गेला. आत आमचे डबे. वर्षानुवर्षं आमच्या घरून तिच्याकडं गेलेले लाडवाचे, लोणच्याचे, इडलीच्या पिठाचे डबे, एकात एक घालून, घासून पुसून लख्ख. "बरं झालं बाई, माझे सगळे डबे आले," बायको म्हणाली. मग तिनं सगळ्यात मोठा डबा उघडला, तो रिकामा होता. दुसरा उघडला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी चप्पल न घालता स्कूटर काढली.

आत्या पलंगावर बसली होती. मी दारातूनच ओरडलो, "रिकामे डबे कशाला पाठवलेस? काय लावलंयस हे?" ती म्हणाली, "वरडू नगंस, शेजारी ऐकत्यात." आयुष्यात पहिल्यांदा तिला शेजाऱ्यांची काळजी वाटली होती आणि तेच मला सहन झालं नाही. मी आणखी ओरडलो. मग कळलं की हृदयाची झडप खराब आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, आणि ते ती एकटीच जाऊन ठरवून आली आहे. "उगंच दुसऱ्याची भांडी घरात ठिवून जाऊ ने," ती म्हणाली. "भरून द्याय हातात ताकद न्हाय ऱ्हायली. इकतचं काय भरू?" मग तिनं ओट्याकडं बोट दाखवलं. तिथं तिबिलिसीचा डबा होता. एवढा एकच भरलेला, यंदाच्या चटणीनं, वर फडकं बांधून. "त्यो तेवडा तिकडं पोचीव. सुनंचा नंबर आता हाय माझ्याकडं. मला जमंल न जमंल."

मला असा संताप आला की काय सांगू. डॉक्टरचा, झडपेचा, तिचा, सगळ्यांचा. मी घरी जाऊन आमचे सगळे डबे परत आणून तिच्या फळीवर आदळले. म्हटलं, भरल्याशिवाय एकही घेणार नाही, वर्ष लागलं तरी चालेल. आणि तिकडचा डबा मी नेणार नाही. मला त्या बाईशी भांडता येत नाही, ते काम तुझं आहे, तुझा डबा तू ने. आत्यानं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "लई वरडाय शिकलास की रं." मी म्हटलं, "तूच शिकवलंस." मग मी तिच्याजवळ पलंगावर बसलो.

तो डबा मी तिथंच ठेवून आलो आहे. बायकोनं तिला बजावलंय की झाकण घट्ट लावून ठेव आणि चुकूनही ओला चमचा घालू नको. तेवढं सांभाळलं की आमची चटणी वर्षभर टिकते.